खसखशीएवढी गोचीड, वीस अंगरखे

गेल्या अंकात पावसाळी तापांबद्दल लिहिताना ओघात लाइमचं, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या एका जिवाणूच्या आजाराचं, नाव आलं आणि मी ते एका वाक्यात उरकलं. त्या एका वाक्याला एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीचशी अमेरिका-युरोपातल्या मराठी घरांतून आहेत. आजरा, दोडामार्ग आणि लातूरहूनही आहेत. तेव्हा या वेळी मधुमेहाची, बुरशीची आणि पाण्याच्या टाकीची पत्रं बाजूला ठेवते. टाकीवाले काका, रागावू नका, पुढच्या अंकात नक्की.

या जंतूशी माझी जुनी ओळख आहे. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागण्याआधी, नव्वदच्या दशकात, मी तीन वर्षं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका प्रयोगशाळेत होते. त्यामुळे उत्तरं थोडी लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही न्यूयॉर्कच्या उत्तरेला वेस्टचेस्टरमध्ये राहतो. माझ्या यजमानांना २०२१ च्या जूनमध्ये लाइम झाला. डाव्या मांडीवर मोठं लाल वर्तुळ उठलं. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेऊन पूर्ण बरे झाले. तीन वर्षांनी, पुन्हा जूनमध्येच, उजव्या काखेखाली वर्तुळ. डॉक्टर म्हणतात, नवी लागण. यांच्या ऑफिसातले एकजण म्हणतात, जंतू मरतच नाही, दडून बसतो, सहा महिने औषध घ्या. खरं कोणाचं? आणि गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, मग हा दोनदा कसा?

उत्तर : ताई, गोवराशी तुलना केलीत ते बरं केलंत, घोटाळा नेमका तिथेच आहे. गोवराचा विषाणू शरीराने एकदा ओळखला की जन्मभराची ओळख. लाइमचा जंतू, म्हणजे बोरेलिया बर्गडॉरफेरी, नावाने एक आणि चेहऱ्याने अनेक.

आमचं काम कसं चालायचं ते सांगते. मे-जूनमध्ये सकाळचं दव वाळलं की आम्ही रानाच्या कडेला जायचो. पांढरे मोजे, पँट मोज्यांत खोचलेली, वरून चिकटपट्टी. हातात मीटरभर लांब-रुंद पांढरं फ्लॅनेल, त्याच्या एका कडेला काठी, काठीला दोरी. ते फडकं पाचोळ्यावरून सावकाश ओढत न्यायचं, दहा-पंधरा पावलांनी थांबून उलटं करायचं आणि बघायचं. पहिल्या दिवशी मला काहीच दिसेना. सोबतच्या मुलीने बोट ठेवलं तिथे खसखशीचा दाणा होता. मग त्या दाण्याने पाय हलवले.

ती पोरवयातली गोचीड. शास्त्रात तिला निम्फ म्हणतात. माणसाला लाइम देण्यात हिचाच हात मोठा, कारण ती दिसत नाही, दुखत नाही आणि नेमकी मे-जून-जुलैत भुकेली असते. तुमच्या यजमानांची दोन्ही वर्तुळं जूनमधली आहेत, हे तिथे लक्षात घ्या. चिमट्याने उचलून तिला कुपीत टाकायचं, प्रयोगशाळेत तिच्या आतड्याचा ऐवज एका गुलाबी-केशरी द्रावणात सोडायचा. या जंतूचे लाड फार. सशाचं सीरम घातलेलं द्रावण लागतं, ३३-३४ अंशांची ऊब लागते आणि वर दोन-तीन आठवडे वाट बघायची. द्रावण पिवळट पडायला लागलं की समजायचं, आत कोणीतरी वाढतंय. मग काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला की अंधारात चांदीच्या बारीक तारा वळवळताना दिसतात. मी आजवर हजारो जंतू पाहिले असतील, इतका देखणा दुसरा नाही. देखण्याला दुर्जन म्हणतात ते हेच असावं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. गोचिडीच्या पोटात उपाशी बसलेला असताना हा जंतू अंगावर एक प्रथिन घालून असतो, त्याला ऑस्प-ए म्हणतात. गोचीड तुमच्या यजमानांना चिकटली, गरम रक्त आत आलं, की तो ऑस्प-ए उतरवायला आणि ऑस्प-सी चढवायला लागतो. घरातले कपडे बदलून बाहेरचे घालावेत तसं. त्याला वेळ लागतो. अमेरिकेतल्या गोचिडीला म्हणूनच लागण पोचवायला बहुधा एक ते दीड दिवस चिकटून राहावं लागतं. आपल्या शरीराशी पहिली गाठ पडते ती या ऑस्प-सी घातलेल्या जंतूची, आणि शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं.

पण ऑस्प-सी एकच नाही. ईशान्य अमेरिकेत त्याचे विसाच्या आसपास मुख्य प्रकार सापडतात. त्यांना नुसती अक्षरं दिली आहेत : ए, बी, सी, डी करत पुढे. प्रकार ए आणि प्रकार के यांच्यातला फरक एवढा मोठा की एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्यावर जवळजवळ निकामी. एका दुपारी माझ्याकडे एकाच गोचिडीतून दोन वेगळे ऑस्प-सी निघाले. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मीच बदलल्या असणार असं धरून मी तो सगळा घाट पुन्हा घातला. पुन्हा दोनच. चिठ्ठ्या ठीक होत्या. एका गोचिडीच्या पोटात दोन बिऱ्हाडं होती, आणि हे फार नवलाचंही नाही, हे मला नंतर कळलं.

तुमच्या डॉक्टरांच्या बाजूचा सगळ्यात ठोस पुरावा तर तुमच्याच काउंटीतून आला आहे. वेस्टचेस्टरमधल्या संशोधकांनी ज्यांना लाइमचं वर्तुळ दोनदा किंवा जास्त वेळा उठलं अशा १७ रुग्णांच्या जंतूंचे ऑस्प-सी ताडून पाहिले. लागोपाठच्या आजारपणांच्या २२ जोड्या होत्या. जुना जंतू दडून परत आला असता तर प्रकार तोच निघायला हवा होता. २२ पैकी २२ जोड्यांत वेगळा निघाला. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं, आणि वाचताना मला माझ्या त्या दोन बिऱ्हाडांची आठवण झाली. शरीराने पहिला चोर नीट लक्षात ठेवला होता. दुसरा चोर दुसरा होता.

सहकाऱ्यांच्या म्हणण्यात खऱ्याचा एक कण आहे, तोही सांगते. औषध न घेतलेल्या माणसात हा जंतू महिनोन् महिने टिकतो आणि गुडघे सुजवतो. त्यासाठी त्याच्याकडे आणखी एक युक्ती आहे. व्हीएलएस-ई नावाचं एक पृष्ठप्रथिन तो सतत बदलत राहतो. त्याच्या शेजारी १५ मुकी जनुकं ठेवलेली असतात, त्यांतले तुकडे घेऊन तो चालू जनुकाला ठिगळं लावतो. गोधडीच म्हणा. शरीर एक नक्षी ओळखेपर्यंत वर दुसरं ठिगळ आलेलं असतं. पण ही युक्ती प्रतिपिंडांना चकवते, डॉक्सिसायक्लिनला नाही. औषधापुढे सगळे प्रकार सारखेच नमतात. काही जणांना उपचारानंतरही थकवा, अंगदुखी महिनोन् महिने राहते, ती खरी असते, मनाचे खेळ नव्हेत. मात्र त्यासाठी लांबलचक अँटिबायोटिक देऊन पाहिलेल्या चाचण्यांत टिकाऊ फायदा दिसला नाही आणि औषधांचे दुष्परिणाम तेवढे पदरात पडले. सहा महिन्यांचा सल्ला सहकाऱ्यांकडेच राहू द्या.

सगळे प्रकार सारखे त्रासदायकही नसतात. काही कातडीतच घुटमळतात, काही रक्तात उतरून सांधे, मज्जातंतू, हृदयापर्यंत जातात. १९९९ साली लाँग आयलंडच्याच मंडळींनी ए, बी, आय आणि के या चौघांवर बोट ठेवलं. पुढे यादी वाढली. २०२३ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या रुग्णांमधून मिळालेल्या २९९ जंतूंचे पूर्ण जनुकसंच वाचले गेले, तेव्हा दिसलं की एकटा ऑस्प-सी गुन्हेगार नाही, त्याच्या जोडीने फिरणाऱ्या जनुकांची टोळीच असते. तुमच्या डॉक्टरांना मात्र प्रकार विचारू नका. नेहमीच्या तपासणीत तो कळत नाही आणि उपचार त्याने बदलतही नाही.

प्रश्न : बाई, मी निवृत्त शिक्षक, आजरा. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मुलीने अमेरिकेहून लाइमची माहिती पाठवली, त्यात एकाच जंगलात या जंतूचे अनेक प्रकार नांदतात असं वाचलं. डार्विनच्या न्यायाने जो सरस तो टिकावा, बाकीचे मागे पडावेत. मग हे सगळे एकत्र कसे?

उत्तर : सर, प्रश्न वाचून बरं वाटलं. याच प्रश्नावर माणसांनी आयुष्यं घालवली आहेत. आजऱ्यात कांद्यापेक्षा घनसाळ तांदूळ जास्त, तरी कांद्याचं गणित महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एका वर्षी कांद्याला भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळं गाव कांदा लावतं, भाव कोसळतो, आणि ज्याने मुकाट्याने दुसरं काही लावलं तो हसतो. सरस पीक कोणतं, हे इतरांनी काय लावलंय त्यावर ठरतं.

जंगलात पांढऱ्या पायांचा एक छोटा उंदीर असतो. गोचिडी त्याच्या कानांवर द्राक्षाच्या घडासारख्या लटकलेल्या मी पाहिल्या आहेत. अंड्यातून निघालेली गोचिडीची पिल्लं स्वच्छ असतात, आईकडून त्यांना हा जंतू मिळत नाही. तो मिळतो पहिल्या जेवणात, बहुधा या उंदराकडून. ईशान्य अमेरिकेत पाळी अशी लागते की मे-जूनमध्ये आदल्या वर्षीच्या निम्फ उंदराला चावून जंतू देतात आणि ऑगस्टमध्ये नवी पिल्लं त्याच उंदराला चावून तो घेतात. एका पिढीची खरकटी ताटं दुसरीला.

आता समजा त्या वर्षी प्रकार ए बोकाळला. बहुतेक उंदरांना जूनमध्येच ए मिळाला. त्यांच्या रक्तात ए विरुद्ध प्रतिपिंडं आहेत, तेव्हा नंतर येणाऱ्या ए ला त्या घरात जागा नाही. पण के आला तर त्याला कोणी ओळखत नाही, तो सरळ आत शिरतो. जो दुर्मीळ त्याची चलती, जो बोकाळला त्याची कोंडी. असं असल्यावर कोणीच पूर्ण जिंकत नाही आणि कोणीच पूर्ण हरत नाही.

दुसरं म्हणणं असं की जंतू ज्यांच्या अंगात राहतो ते प्राणी बदलले की जिंकणारा बदलतो. जंगलात उंदराखेरीज चिपमंक म्हणजे जमिनीवरची पट्टेदार खार, चिचुंद्र्या, रॉबिन पक्षी, सगळे गोचिडींना जेवू घालतात. एखादा प्रकार उंदरात झकास वाढतो पण चिपमंकमध्ये रखडतो, दुसऱ्याचं उलटं. मला विचाराल तर दोन्ही कारणं एकदम चालू असावीत. एकच कारण असावं हा हट्ट निसर्गाचा नसतो, शोधनिबंध लिहिणाऱ्यांचा असतो.

एरवी हा जंतू आपला वंश बहुतांशी जसाच्या तसा पुढे नेतो, एकमेकांत जनुकं फारशी मिसळत नाही. पण ऑस्प-सी च्या जागी मात्र तुकड्यांची देवाणघेवाण ठळक दिसते. जिथे नवा चेहरा कामाला येतो तिथेच उसनवारी, हे लक्षात येण्यासारखं आहे.

आणि हे वैविध्य कालपरवाचं नाही. कनेटिकटच्या लाइम गावात १९७५ च्या सुमारास आयांनी, विशेषतः पॉली मरे या बाईंनी, एवढ्या मुलांना एकदम सांधेदुखी कशी असा धोशा लावला नसता तर आजाराला नावही मिळालं नसतं. डॉ. ॲलन स्टीअर यांनी १९७७ साली ५१ रुग्णांची नोंद छापली. विली बर्गडॉर्फर यांना १९८१ मध्ये लाँग आयलंडच्या टोकाशी असलेल्या शेल्टर आयलंडच्या गोचिडींत जंतू दिसला. ते खरं तर दुसरंच काही शोधत होते. त्यामुळे हा नवा आजार असं वाटतं. पण २०१७ मध्ये १४६ जनुकसंच ताडून निष्कर्ष निघाला की हा जंतू उत्तर अमेरिकेत किमान ६०,००० वर्षं आहे. माणूस तिथे पोचण्याच्या फार आधीपासूनचा रहिवासी. बदललं ते रान. ईशान्येकडची शेतं पडीक पडली, जंगल परत आलं, हरणं वाढली आणि त्या जंगलाला खेटून माणसांनी बंगले बांधले. हरणाचं एक गंमतशीर आहे, सर. त्याचं रक्त या जंतूला मारतं, ते गोचिडीला लागण देऊच शकत नाही. पण गोचिडीच्या मोठ्या माद्या त्याच्यावर पोट भरून अंडी घालतात, म्हणून हरीण म्हणजे निव्वळ मंगल कार्यालय.

प्रश्न : नमस्कार बाई. मी म्युनिकमध्ये नोकरी करतो, वय २७. ईझार नदीकाठी फिरून आल्यावर दोन आठवड्यांनी पोटरीवर डाग आला आणि पसरतोय. रक्त तपासलं, लाइम निगेटिव्ह. न्यू जर्सीची मावशी म्हणते गुडघ्यांकडे लक्ष ठेव. इथले लोक म्हणतात नसांकडे. शिवाय मी गोचिडीची लस घेतली होती, मग हे झालंच कसं?

उत्तर : तुझ्या वयाच्या मुलाला तू म्हटलं तर चालेल ना? आधी महत्त्वाचं. पसरत जाणारा डाग असेल तर रक्ताच्या निगेटिव्ह अहवालावर विसंबू नकोस. प्रतिपिंडं वर यायला काही आठवडे लागतात. डाग हाच निदानाला पुरेसा मानतात. हे वाचेपर्यंत डॉक्टरला दाखवला नसशील तर अंक बाजूला ठेव आणि जा. आणि एक सांगते, पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीवरची असतात. आपल्या सावळ्या अंगावर तो लाल दिसेलच असं नाही, कधी जांभळट, मार लागल्यासारखा दिसतो, मधला फिकट भागही उठून दिसत नाही. डॉक्टरांना हे स्पष्ट सांग, डागाभोवती पेनाने रेघ मार आणि दुसऱ्या दिवशी रेघेबाहेर गेला का ते दाखव.

तू घेतलेली लस गोचिडीची नव्हे. तिकडे तिला बोलीत तसं म्हणतात खरं, आणि त्यातून हा गोंधळ कायमचा झालाय. ती एफएसएमई या मेंदूज्वराच्या विषाणूची लस आहे. बव्हेरियात घ्यायलाच हवी, चांगलं केलंस, पण लाइमशी तिचा संबंध शून्य.

मावशी आणि तुझे सहकारी दोघंही आपापल्या गावापुरते बरोबर आहेत. अमेरिकेत लाइम म्हणजे जवळजवळ एकटा बर्गडॉरफेरी, आणि त्याचा ओढा सांध्यांकडे. (२०१६ मध्ये मिनेसोटा-विस्कॉन्सिन भागात मायोनी नावाचा एक वेगळा भाऊ जाहीर झाला, तो रक्तात जास्त संख्येने सापडतो.) युरोपात मात्र भावकी मोठी. अफझेली उंदीरवर्गीय प्राण्यांत राहतो आणि माणसाच्या कातडीवर जास्त रेंगाळतो. म्हाताऱ्या माणसांत वर्षानुवर्षांनी हातापायाची कातडी निळसर होऊन कागदासारखी पातळ पडते, ते याचंच काम. गारिनी पक्ष्यांबरोबर फिरतो आणि नसांना धरतो : रात्री कळा मारणारी पाठ, एका बाजूचा चेहरा लुळा पडणं. आणि तुझ्या प्रांताच्या नावाचा बव्हेरिएन्सिस. तो आधी गारिनीतच मोजत, २००९ मध्ये वेगळा काढला, कारण तो पक्ष्यांत नव्हे, उंदरांत राहतो. हे ओढे आहेत, नियम नव्हेत. अफझेलीनेही नस धरलेली आहे.

अफझेली पक्ष्यांत का नाही, याचं उत्तर रक्तात आहे. प्रत्येक प्राण्याच्या रक्तात परक्या जंतूला फोडणारी प्रथिनांची फौज असते. जंतूच्या अंगावर त्या प्राण्याच्या फौजेला गप्प बसवणारं प्रथिन असेल तर तो तरला. अफझेलीकडे उंदराच्या घराची किल्ली आहे, गारिनीकडे पक्ष्याची. म्हणून गारिनीचा पल्ला मोठा. समुद्रपक्ष्यांवरच्या गोचिडींत तो उत्तर आणि दक्षिण, दोन्ही गोलार्धांत सापडला आहे. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही.

सुट्टीत आल्प्समध्ये बोल्झानोला गेलास तर तिथल्या संग्रहालयात बर्फात सापडलेला ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस, ओत्झी, बघ. त्याच्या जनुकसंचासोबत बोरेलियाच्या डीएनएच्या खुणाही मिळाल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. गोळी त्याला मिळाली नाही, तुला मिळेल.

प्रश्न : मी पुण्याची, वय ६८. मेमध्ये लेकीकडे बॉस्टनला जातेय. मागे अंगण आणि झाडी आहे. लस घेऊन जाऊ का? आणि चिकटलीच तर? आमच्याकडे गावी रॉकेल लावत.

उत्तर : आजी, रॉकेल, तेल, चुना, पेटती काडी, यातलं काहीही नको. चिडवलेली गोचीड आतला ऐवज तुमच्याच अंगात ओतते. टोकदार चिमटा घ्या, कातडीला अगदी खेटून तोंडाशी धरा, सरळ वर ओढा, साबणाने धुवा. संध्याकाळी आंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली आणि केसांत हात फिरवा. नऊवारी नेसत असाल तर कासोट्याच्या चुण्याही बघा, मी गंमत करत नाहीये. खूप वेळ चिकटलेली आढळली तर लेकीला तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारायला सांगा. एकच डोस देऊन भागतं, असं काही वेळा ते ठरवतात.

लशीची गोष्ट जराशी रंजक आहे. अमेरिकेत डिसेंबर १९९८ मध्ये लाइमची लस आली होती. ती ऑस्प-ए विरुद्ध होती, म्हणजे जंतूच्या घरच्या कपड्यांविरुद्ध. टोचायची माणसाला, आणि जंतू मरायचा गोचिडीच्या पोटात, रक्ताबरोबर आत गेलेल्या प्रतिपिंडांनी. खप घसरला, दुष्परिणामांच्या भीतीने लोक बिथरले आणि २००२ मध्ये कंपनीने ती मागे घेतली. अमेरिकेत ऑस्प-ए जवळपास एकसारखा, म्हणून तिथे एक पुरला. युरोपात भावकीगणिक ऑस्प-ए वेगळा, म्हणून २०२२ पासून मोठ्या चाचणीत उतरलेल्या नव्या लशीत ऑस्प-ए चे सहा प्रकार एकत्र बांधले आहेत. तुम्ही मात्र चिमटा घेऊन जा.

प्रश्न : दोडामार्गात माझी काजूची बाग आहे. गुरांक गोचिडी भरपूर. लाइम इथे येईल का?

उत्तर : भाऊ, लाइम वाहणाऱ्या चार मुख्य गोचिडींपैकी एकही कोकणात नाही, ती काळजी सोडा. तुमची काळजी गोचिडींतूनच येणाऱ्या माकडतापाची असायला हवी, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. २०१६ पासून तुमच्या तालुक्याने तो सोसला आहे. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू, वरच्या म्युनिकच्या मुलाने ज्याची लस घेतली त्या एफएसएमईचा चुलत भाऊ. काजूचा हंगाम आणि याचा हंगाम एकच. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. बागेत गेल्यावर एकदम ताप आणि कपाळ फुटेल असं डोकं दुखलं तर अंगावर काढू नका आणि बागेत गेल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

प्रश्न : मी लातूरला अकरावीत आहे. पुस्तकात लिहिलंय की जिवाणूंचा डीएनए गोल असतो. आमच्या सरांनी विचारलं, अपवाद सांगा. कोणालाच आला नाही.

उत्तर : तुझा अपवाद याच पानावर वळवळतोय. बोरेलियाचं मुख्य गुणसूत्र सरळ आहे, दोरीसारखं, साधारण ९ लाख १० हजार अक्षरांचं. दोरीची टोकं उसवू नयेत म्हणून दोन्ही धागे टोकाला एकमेकांत जोडलेले, नाडीचं टोक दुमडून शिवावं तसे. शिवाय शेल्टर आयलंडच्या गोचिडीतून मिळालेल्या बी-३१ या मूळ वाणाजवळ २१ प्लाझमिड आहेत, म्हणजे सुटी छोटी डीएनए : १२ सरळ, ९ गोल. ऑस्प-सी गोलपैकी एकावर, ठिगळांची गोधडी सरळपैकी एकावर.

हे सामान तो सांभाळतोही वेंधळ्यासारखा. आमच्याकडे नळीतून नळीत, नळीतून नळीत असा अनेक पिढ्या वाढवलेला एक वाण होता. सूक्ष्मदर्शकाखाली पूर्वीसारखाच देखणा वळवळायचा. उंदराला टोचला तर उंदराला काहीच होईना. मी महिनाभर उंदरांना दोष दिला. शेवटी मोजले तेव्हा कळलं, आरामात राहून राहून त्याने दोन प्लाझमिड वाटेत टाकून दिले होते, त्यातलं एक गोधडीवालं. सशाचं सीरम आयतं मिळाल्यावर वेश बदलणार कोणापुढे?

सरांना हे सांग. परीक्षेत मात्र "बहुतेक जिवाणूंचा गोल" असं लिही. बहुतेक हा शब्द विसरू नकोस, आणि त्यावर कोणी मार्क कापले तर हा अंक घेऊन जा.